रोगानंतरचा रोग

म्यूकरमायकोसिस या बुरशीरोगाचें मनुष्यदेहांतील वर्णन आर्नोल्ड पाल्टाउफ यांनीं इ. स. १८८५ मध्यें केलें. परंतु तें नांव आमच्या वऱ्हाडांत घरोघर ऐकूं आलें तें २०२१ सालीं. त्या फेब्रुवारींत अमरावती व अकोला येथें कोरोनाची दुसरी लाट आरंभींच उसळली, टाळेबंदी झाली; आणि उन्हाळ्यांत कोरोनांतून उठलेल्या कित्येकांची दृष्टि जाऊं लागली.

ही बुरशी माती व हवा यांत सदैव असते. निरोगी देहास ती सहसा बाधत नाहीं. मधुमेह, आणि स्टेरॉइड औषधांनीं वाढलेली रक्तशर्करा, यांनीं तिला वाट मिळाली. नाकांतून डोळ्याच्या खोबणींत शिरून ती रक्तवाहिन्या कोंडते. प्राण वांचविण्यासाठीं प्रसंगीं डोळाच काढावा लागतो.

प्लेगच्या वेळीं झालेल्या १८९७ च्या साथरोग कायद्याखालीं, मे २०२१ मध्यें, या रोगाची नोंद सक्तीची करण्यास केंद्रानें राज्यांस कळविलें. २८ जूनपर्यंत देशांत ४०,८४५ रुग्ण नोंदले गेले. अँफोटेरिसीनचा तुटवडा पडला, तेव्हां वर्ध्यास तें औषध तयार होऊं लागलें.

ज्वर उतरला म्हणजे आजार संपला, असें नव्हे. गालास सूज, नाकांतून काळसर स्राव, एकाचे दोन दिसणें, हीं चिन्हें दिसतांच डॉक्टरांस गांठावें. औषधानें प्राण वांचतात. गेलेली दृष्टि मात्र बहुधा परतत नाहीं.