रक्तदात्याची कोठडी

एच.आय.व्ही.च्या चाचणीचं नाव काढलं की आजही माणसं नजर चुकवतात. ही भीती कुठून आली? थोडीशी आपल्या शेजारी, गोव्यातून.

फेब्रुवारी १९८९. डॉमनिक डिसोझा, नेमाने रक्तदान करणारा तरुण. म्हापशाच्या पोलिसांनी त्याला बोलावून घेतलं आणि पुढे त्याची रवानगी झाली ती थेट एका ओस पडलेल्या क्षयरोग रुग्णालयात. बाहेर पहारा! गुन्हा काय, तर दान केलेल्या रक्तात विषाणू सापडला. राज्याच्या आरोग्य कायद्यात तेव्हा तशी सक्तीच होती. ६४ दिवस! आई ल्युसी हायकोर्टात गेली, पण कोर्टाने कायदाच उचलून धरला.

आता गंमत (कसली डोंबलाची!) बघा. हा विषाणू पसरतो असुरक्षित संभोगातून, बाधित रक्तातून, एकमेकांच्या सुया वापरल्याने आणि आईकडून बाळाला. शेजारी बसून नाही की एका ताटात जेवून नाही. मग पहाऱ्याने अडवलं काय? चाचणी म्हणजे कोठडी, एवढंच लोक शिकले. असो.

डॉमनिकने १९९२ मध्ये 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था काढली आणि त्याच वर्षी तो गेला. प्रभावी औषधं तेव्हा नव्हती. आज रोजच्या गोळ्यांनी विषाणू मोजमापात न येण्याइतका दबला आणि तसाच राहिला, तर जोडीदाराला संभोगातून लागण होत नाही. पण त्यासाठी आधी कळायला हवं ना! आमच्या धंद्यात टेस्टिंग टाळलं म्हणून बग नाहीसा होत नाही.

सरकारी आय.सी.टी.सी. केंद्रात चाचणी मोफत होते, निकाल गुप्त राहतो. लागणीनंतर सुरुवातीचे काही आठवडे चाचणीत काही दिसत नाही, म्हणून ३ महिन्यांनी पुन्हा करायची. आणि २०१७ च्या कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय ती कुणी करू शकत नाही.