कामाची ओळख

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे आमच्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. मंडळाच्या भिशीचा हिशेब लिहिण्यापलीकडे माझ्या लेखणीला सवय नाही. पण दरवर्षी दहावीचा निकाल लागला की आपल्या मंडळात एकच बोलणे चालते, “आता पुढे काय?” जी ती दुसरीला विचारते आणि सांगणारी कुणीच नसते. हा प्रश्न लोकांना केव्हापासून पडू लागला व त्यावर कोणी काय काय उपाय केले, हे मंडळाच्या कपाटातील पुस्तकांतून आणि आमच्यातील एका निवृत्त शिक्षिका-भगिनीकडून मी थोडे समजून घेतले. तेच येथे मांडते. काही चुकलेमाकले असल्यास भगिनींनी सांभाळून घ्यावे.

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी हा प्रश्नच नव्हता. सुताराचा मुलगा रंधा धरी, कुंभाराचा चाकाशी बसे, शेतकऱ्याचा बैलांमागे जाई. त्यात एक गुण होता. काम मुलाच्या डोळ्यांसमोर चाले आणि कळायला लागण्याआधीच ते त्याच्या हाताला ठाऊक होई. पण दोष त्याहून मोठा होता. जातीने आखलेल्या रेषेबाहेर पाऊल टाकण्याची कुणाला मुभा नव्हती आणि मुलीच्या वाट्याला तर चुलीखेरीज दुसरे काही ठरलेलेच नव्हते. पुढे इंग्रजी अमदानीत शाळा निघाल्या. त्यांनी ती रेषा थोडी पुसली, पण शिक्षण म्हणजे पुस्तक आणि शिकलेला म्हणजे कचेरीतला कारकून, अशी नवी समजूत घालून दिली. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. प्राथमिक शाळेत मोडी-बाळबोध व हिशेब यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडेही असावेत, असे त्यांनी त्यात मागितले होते. शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला आपल्या जगण्याच्या कामाची ओळख असावी, हा विचार आपल्याकडे एवढा जुना आहे.

मुलींसाठी ही वाट प्रथम दुःखातून निघाली. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईस शारदा सदन काढले, अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याचे सेवासदन उभे राहिले. तेथे बायका शिवण शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि ससून रुग्णालयात जाऊन परिचारिकेचे काम शिकल्या. परक्याची शुश्रूषा करणे हे घरंदाज बाईचे काम नव्हे, असे मानण्याचा तो काळ! त्या बायकांनी लोकांचे बोलणे सोसले, म्हणून आज आपल्या मुली पांढरा गणवेश घालून ताठ मानेने कामावर जातात. मात्र हे लक्षात घेतले पाहिजे, की त्यांतील बहुतेकींना उद्योग निवडण्याची चैन नव्हती. जो मिळाला तो त्यांनी धरला व त्याचे सोने केले.

मुलाने आपला उद्योग विचारपूर्वक निवडावा आणि त्यासाठी त्याला जाणत्या माणसाने मदत करावी, या कामासाठी स्वतंत्र कचेरी निघाली ती अमेरिकेत, बोस्टन शहरी, १९०८ च्या जानेवारीत. ती काढणारे फ्रँक पार्सन्स हे गृहस्थ मोठे विलक्षण. ते शिकले इंजिनिअरिंग. रेल्वेत लागले तो ती कंपनीच बुडाली. मग लोखंडाच्या कारखान्यात मजुरी केली, शाळेत शिकवले, वकिली केली, कायद्याची पुस्तके लिहिली, कॉलेजात प्राध्यापकी केली. ज्याने स्वतः इतक्या वाटा चाचपल्या, त्यालाच दुसऱ्याची चाचपड कळावी, हे साहजिक होते. बोस्टनच्या ज्या भागात देशोदेशींचे गरीब लोक येऊन राहिले होते, तेथील एका सेवासंस्थेत ही कचेरी होती आणि तिला पैशाचे पाठबळ होते पॉलिन अगासिझ शॉ या बाईंचे. या बाईंनी त्यापूर्वीच त्या शहरात स्वतःच्या पैशाने गरिबांच्या मुलांसाठी बालवाड्या व पाळणाघरे चालविली होती. या कामाच्या मुळाशी एका स्त्रीचे द्रव्य व कळकळ होती, हे आपल्या मंडळाने विसरू नये.

पार्सन्स मुलांना समोर बसवून शंभराहून अधिक प्रश्न विचारीत. त्यांची शिकवण तीन पायऱ्यांची होती. पहिली, स्वतःला ओळखा, म्हणजे आपली आवड, ताकद व उणिवा. दुसरी, कामाला ओळखा: त्याला शिक्षण किती लागते, त्यात मिळकत काय, कष्ट कोणते, पुढे वाढ कशी. तिसरी, या दोहोंची नीट सांगड घाला. वाचायला किती सोपे! ही कचेरी निघून वर्षही झाले नव्हते, तोच सप्टेंबर १९०८ मध्ये पार्सन्स वारले. त्यांचे पुस्तक पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाले. स्त्रियांना करता येण्याजोग्या उद्योगांची यादीही त्यात आहे. त्यांच्यामागे बोस्टनच्या शाळांतील शिक्षकांना या कामाचे धडे देण्यात आले.

आपल्या देशात ही हवा पोहोचायला काही काळ लागला. मुंबईत १९४१ साली बाटलीबॉय यांनी आणि १९४७ साली पारशी पंचायतीने व्यवसाय मार्गदर्शनाच्या कचेऱ्या काढल्या. १९५० च्या सुमारास मुंबई सरकारनेही काढली. मुदलियार आयोगाने (१९५२-५३) माध्यमिक शाळांत असे मार्गदर्शन असावे व निरनिराळे व्यवसाय शिकविणाऱ्या बहुउद्देशीय शाळा काढाव्यात, असे सुचविले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) ‘कार्यानुभव’ हा शब्द दिला. तो तास माझ्याही शाळेत होता. त्यात आम्ही कागदाची फुले केली आणि परीक्षेच्या दिवशी ती टेबलावर मांडली. आयोगाच्या मनात ते नव्हते खास!

अलीकडची गोष्ट म्हणजे २०१६ साली आपल्या राज्यात दहावीच्या मुलांची कल चाचणी सुरू झाली. ती काही वर्षे चालली. तिच्याशी माझ्या घराचा संबंध आला, म्हणून थोडे सांगते. माझ्या मोठ्या मुलीच्या हाती २०१९ साली तो कागद आला. तिचा कल आरोग्य क्षेत्राकडे, असे त्यावर होते. घरात सर्वांनी वाचला. आरोग्य म्हणजे डॉक्टर आणि डॉक्टर म्हणजे लाखांची फी, एवढेच आम्हांस ठाऊक. तो कागद मी जपून ट्रंकेत ठेवला आणि मुलीला वाणिज्य शाखेत घातले, कारण ते कॉलेज एस.टी.च्या वाटेवर होते. पुढे सासूबाई आजारी पडल्या. घरी रक्त घ्यायला एक मुलगी येई. आमच्या लेकीने तिला विचारले, “ताई, हे तुम्ही कुठे शिकलात?” त्यासाठी बारावीला शास्त्र शाखा लागते, असे तिने सांगितले. तोवर बारावी होऊन गेली होती. मुलगी त्या दिवशी जेवताना काही बोलली नाही. आज ती एका दुकानात हिशेब लिहिते, तक्रार करीत नाही. पण पार्सन्सची दुसरी पायरी मी वाचली तेव्हा मला तो कागद आठवला. सरकारने तिला पहिली पायरी दाखवली होती. दुसऱ्या पायरीवर तिचा हात धरायला कुणी नव्हते आणि मी आई असून मला ती पायरी आहे हेच माहीत नव्हते.

ही दुसरी पायरी पुस्तकाने चढता येत नाही, काम पाहावे लागते, हाताळावे लागते. महाराष्ट्राने या बाबतीत दोन मोठे प्रयोग पाहिले. पहिला वर्ध्याचा. ऑक्टोबर १९३७ मध्ये तेथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. मुलांना सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण मातृभाषेतून मिळावे आणि ते सूतकताई, सुतारकाम, शेती अशा एखाद्या हस्तव्यवसायाभोवती गुंफलेले असावे, असे तेथे ठरले. त्यालाच ‘नई तालीम’ म्हणतात. सेवाग्रामला हे काम आर्यनायकम् पती-पत्नींनी निष्ठेने चालविले. पण हे गरिबांचे, खेड्यातले शिक्षण अशी लोकांची समजूत झाली आणि आपला मुलगा इंग्रजी शाळेतच जावा, असे जो तो म्हणू लागला.

दुसरा प्रयोग पुणे जिल्ह्यातील, शिरूर तालुक्यातील पाबळ गावचा. डॉ. श्रीनाथ कलबाग हे मुंबईत एका मोठ्या कंपनीत संशोधक होते, अमेरिकेत शिकून आलेले. ती नोकरी सोडून त्यांनी १९८३ साली या दुष्काळी गावी विज्ञान आश्रम सुरू केला. माणूस निसर्गतः काम करता करताच शिकतो, हे त्यांचे सूत्र. त्यांनी हायस्कूलच्या आठवी ते दहावीच्या मुलांसाठी एक अभ्यासक्रम बसवला. आठवड्यातून एक दिवस दप्तराला सुट्टी आणि हाताला काम! त्याचे चार भाग केले: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य. मुले वेल्डिंग करतात, विजेची जोडणी करतात, माती तपासतात, कोंबड्या पाळतात, शिवतात, खाद्यपदार्थ करतात, रक्तातील हिमोग्लोबिन तपासतात. शिकवायला पुष्कळदा गावातलाच जाणता कारागीर असतो. केलेले काम खोटे-खोटे नसते, गावात कुणाच्या तरी उपयोगी पडते.

मला यातील सर्वांत भावले ते हे, की चारही भाग मुलगे व मुली दोघांनाही असतात. मुलगा शिवणयंत्रावर बसतो आणि मुलगी वेल्डिंगचा चष्मा चढवते. यातून प्रत्येक जण वेल्डर व्हावा अशी अपेक्षा नाही. परंतु तीन वर्षांत पंधरा-वीस कामांना हात लागला, म्हणजे कोणत्या कामात आपला जीव रमतो आणि कोणते नको वाटते, हे मुलाचे मुलालाच उमगते. नको वाटणे कळले, तेही थोडके नव्हे. पुढे एस.एस.सी. बोर्डाने या विषयाला मान्यता दिली आणि तो इतर शाळांतही गेला. डॉ. कलबाग २००३ साली निवर्तले, पण आश्रमाचे काम मागे चालू राहिले.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर घरी ठेवून सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे काम पाहावे व शिकावे, असे म्हटले आहे. सरकारी कागद शाळेपर्यंत केव्हा आणि कसा पोहोचेल, ते पोहोचेल. आपण मात्र त्याची वाट का पाहावी? आपल्याच मंडळात शिवणकाम करणाऱ्या आहेत, बालवाडी चालविणाऱ्या आहेत, एक परिचारिका आहे, एक पोस्टात आहे, दोघींची खाणावळ आहे. कुणाचे यजमान गवंडीकामाचे ठेके घेतात, कुणाचा दीर मोटारी दुरुस्त करतो. येत्या दिवाळीच्या सुट्टीत आठवी-नववीच्या मुलामुलींना दोन दोन दिवस आपल्यापाशी कामाला बसवले, तर खर्च तो काय? मुलांनी आधी कामाला हात लावावा आणि मग तीन गोष्टी विचाराव्यात: हे शिकायला काय लागते, दहावीनंतर कोणती शाखा घ्यावी लागते आणि पहिल्या वर्षी हाती काय पडते. उत्तरे आपण वहीत लिहून ठेवू. ती वही मंडळाच्या कपाटात राहील आणि निकालाच्या दिवसांत आपल्याला एकमेकींना विचारीत बसावे लागणार नाही.

माझा धाकटा मुलगा यंदा नववीत आहे. त्याचे नाव मी चिटणीसबाईंकडे पहिले लिहून दिले आहे. वहीचे पहिले पान रक्त तपासण्याच्या कामाचे असावे, अशी माझी विनंती आहे. ते लिहून आणण्याचे माझ्या लेकीने कबूल केले आहे.