खुडूक कोंबडी, पारा आणि मोबाईलची घंटा



मागच्या थंडीत आमच्या गटाची चाळीस पिल्लं एका रात्रीत दगावली. ब्रूडरमधला बल्ब पहाटे कधीतरी गेला. त्या रात्री जिची पाळी होती, तिचा दिवसभर कांदे लावून जीव थकलेला, बसल्या जागी डोळा लागला. सकाळी पाहिलं तर पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून गारठलेली. तिला कुणी बोललं नाही, पण ती दोन बैठकांना आली नाही.

त्यानंतर आम्ही गटाच्या पैशातून एक छोटी पेटी घेतली. तिची एक तार पिल्लांजवळ लोंबते आणि ऊब मोजते. ऊब कमी झाली की पेटी बल्ब लावते, वाढली की बंद करते आणि काही बिघडलं तर मोबाईलवर मेसेज टाकते. शहरातल्या घरांत अशाच पेट्या एसी सांभाळतात. ती बसवताना एकीने विचारलं, "ताई, हे पहिल्यांदा सुचलं कुणाला?" आम्ही शोधायला बसलो, आणि गंमत अशी की ही गोष्ट कोंबडीच्या अंड्यांपासूनच सुरू होते.

खुडूक कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर बसते. दाणा-पाण्यापुरती उठते, अंडी चोचीने उलटीपालटी करते. तिला तापमापक लागत नाही. पण एका कोंबडीखाली बसून बसून अंडी मावणार किती? इजिप्तमधल्या लोकांनी दोन हजार वर्षांहून आधीच यावर उपाय काढला होता. कच्च्या विटांच्या खोल्या, वरच्या कप्प्यात शेण आणि भुसा यांचा मंद विस्तव, खाली हजारो अंडी. राखणारा माणूस तिथेच राहायचा. ऊब बरोबर आहे का हे तो अंडं डोळ्याच्या पापणीला लावून ओळखायचा. विरजण लावताना दुधात करंगळी बुडवून आपण जे ओळखतो, तेच हे ज्ञान. ते पुस्तकात नव्हतं, बापाकडून मुलाकडे जायचं.

ही राखण माणसावाचून व्हावी, हे सतराव्या शतकाच्या सुरुवातीला कॉर्नेलियस ड्रेबेल या माणसाने करून दाखवलं. तो मूळचा हॉलंडचा, पुढे इंग्लंडच्या राजाच्या पदरी राहिला. त्याने अंडी उबवायची एक भट्टी केली. तिच्यात एका नळीत मद्यार्क आणि पारा भरला. भट्टी जास्त तापली की मद्यार्क फुगायचा, पारा वर ढकलला जायचा, पारा एक दांडी उचलायचा आणि दांडी भट्टीची झडप मिटवायची. हवा कमी मिळाली की विस्तव मंदावायचा. भट्टी निवली की पारा खाली, झडप उघडी, विस्तव पुन्हा जोरात. ऊब स्वतःच स्वतःला आवरायची. आजच्या सगळ्या पेट्यांच्या पोटात हीच युक्ती आहे. आपल्या विजेच्या इस्त्रीत पाऱ्याऐवजी दोन धातूंची चिकटवलेली पट्टी असते. एक धातू जास्त फुगतो, दुसरा कमी, म्हणून पट्टी वाकते आणि टिक करून वीज तोडते.

पुढची गोष्ट शाळेतली. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर नावाचं गाव आहे. थंडी इतकी की तळघरात कोळशाची भट्टी पेटवून वर्ग गरम ठेवावे लागत. शिपाई तासातासाला वर्गात येऊन तापमापक बघायचा आणि मग तळघरात जाऊन झडप हलवायचा. शिकवण्यात मोडता यायचा आणि त्याचे पायही दुखत असणार. तिथले प्राध्यापक वॉरन जॉन्सन यांनी १८८३ साली वर्गात एक विजेचं यंत्र बसवलं. वर्गातली ऊब बदलली की तळघरात घंटा वाजायची. येरझाऱ्या वाचल्या, पण झडप हलवायला शिपाई लागायचाच. मैत्रिणींनो, आपल्या मोबाईलवर येणारा मेसेज म्हणजे हीच घंटा. घंटा वाजते, पण उठावं आपल्यालाच लागतं.

हे उठणंही वाचवलं ते मिनियापोलिस शहरातल्या अल्बर्ट बुट्झ यांनी, १८८५ साली. घर गार झालं की त्यांचं यंत्र मोटर लावून झडप आपोआप उघडायचं.

या यादीत बाईचं नाव नाही का, असं आम्हालाही वाटलं. आहे. न्यू जर्सी राज्यातल्या मॉरिसटाऊनच्या अॅलिस पार्कर या कृष्णवर्णीय बाईंना १९१९ च्या डिसेंबरमध्ये घर गरम ठेवण्याच्या एका भट्टीचं पेटंट मिळालं. कोळशाऐवजी गॅसवर चालणारी, आणि वेगवेगळ्या खोल्यांची ऊब वेगवेगळी ठेवता येईल अशी. लाकूड-कोळसा वाहणं आणि राख काढणं ही कामं कमरेला काय करतात, हे चुलीपुढे बसलेल्या बाईला वेगळं सांगायला नको.

पुढचा प्रवास भराभर झाला. १९५३ साली भिंतीवरची गोल तबकडी आली. ती फिरवली की घराची ऊब ठरायची. १९६६ साली जिम सदरलँड या अमेरिकन इंजिनिअरने स्वतःच्या घरात भलामोठा संगणक बांधला. त्याच्याकडे घरातली ऊबही सोपवली होती. १९७५ च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या एका कंपनीने घरातल्या विजेच्या तारांतूनच यंत्रांना निरोप पाठवायची सोय काढली. २०११ साली घरच्यांच्या सवयी पाहून स्वतःच शिकणारं यंत्र बाजारात आलं. आता तेच काम मोबाईलवरून होतं.

एवढं वाचल्यावर आम्हाला एक गोष्ट कळली. पापणीवरच्या अंड्यापासून मोबाईलपर्यंत प्रश्न एकच आहे: राखण कुणी करायची आणि झोप कुणाची जायची? यंत्र झोप वाचवतं, आणि ती बाईची झोप असेल तर तिचं मोल नक्कीच आहे. पण किती ऊब हवी हे यंत्राला कळत नाही. तो आकडा आपण सांगायचा असतो.

म्हणून आमच्या गटाने काही गोष्टी ठरवल्या. पहिल्या आठवड्यात ३५ अंश, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी, हे भिंतीवर खडूने लिहिलं. पेटीशेजारी साधा तापमापक टांगला, कारण पेटीही चुकू शकते. वीज आणि नेट गेलं तर मेसेज येणार नाही, म्हणून बॅटरी जोडली आणि राखेत निखारे ठेवायची शेगडी अजून मोडीत काढली नाही. आणि झोपण्यापूर्वी एकीने पिल्लांकडे बघायचंच. बल्बखाली गोळा झाली तर गारठतायत, कडेला पळून चोच वासतायत तर उकडतंय, सगळीकडे पसरून निवांत बसली असतील तर ठीक. हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं.

पेटीचा आकडा लावायचं काम आम्ही तिच्याकडेच दिलं, जिचा त्या रात्री डोळा लागला होता. आधी ती नको म्हणाली. आता दर सोमवारी तीन अंश उतरवते, वहीत लिहिते आणि खाली सही करते. या हिवाळ्यातली पिल्लं महिन्याची झाली आहेत, आणि ती रात्री झोपते.