कृष्णाकाठचा एक फेरा : वाई ते मेणवली

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड येतात, लढाया येतात, तहनामे येतात. शाळेतल्या मुलांच्या डोळ्यांपुढे काय येते? सनावळी! पण इतिहास पायांनीही वाचता येतो बरे का. आज मी तुम्हांला अशाच एका फेऱ्यावर नेणार आहे.

सातारा जिल्ह्यातल्या वाईहून निघायचे, तीनेक किलोमीटरवरच्या मेणवलीस जायचे आणि दुसऱ्या वाटेने परत यायचे. जाताना गाडीरस्ता धरावा. येताना शेतकऱ्यांना विचारून, उभ्या पिकात पाय न घालता, नदीच्या अंगाने बांधाबांधाने यावे. एका अंगाला पांडवगड, दुसऱ्या अंगाला पाचगणीचे पठार आणि मधून कृष्णामाई. एका सकाळचे काम आहे. मात्र वाटेत जे जे जुने दिसेल त्याला तीन प्रश्न विचारायचे: हे कोणी केले? इथे कोणी आणले? आणि आजवर कोणी जपले?

आरंभ वाईच्या गणपती घाटापासून करू. इथला ढोल्या गणपती प्रसिद्धच आहे. हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधविले. दर्शन झाले की लगेच चप्पल घालू नका. देवळाच्या मागे जाऊन बघा. मागची भिंत सरळ नाही, माशासारखी निमुळती आहे. पुराचे पाणी तिच्यावर आदळून थांबत नाही, दोन्ही अंगांनी फुटून निघून जाते. म्हणजे ज्याने हे देऊळ बांधले त्याला नदीचा स्वभाव ठाऊक होता. हे पुस्तकात वाचण्यापेक्षा तिथे उभे राहून पाहिले की मुलांना चटकन उमगते.

वाईने संकटेही पाहिली. १६५९ साली प्रतापगडाकडे जाण्यापूर्वी अफजलखानाचा तळ इथेच होता. त्या संकटात गावाने कृष्णाबाईला नवस केला आणि त्यातून घाटाघाटांवरचा कृष्णाबाईचा उत्सव सुरू झाला, असे परंपरा सांगते. खानाचा तळ उठला. उत्सव चालू आहे.

आता मेणवली. हे गाव १७६८ साली नाना फडणवीसांना इनाम मिळाले. नानांनी इथे नदीकाठी सहा चौकांचा वाडा बांधला, काळ्या दगडाचा घाट बांधला, काठावर मेणेश्वराचे देऊळ उभे केले. वाड्याच्या भिंतींवर जुनी मराठी चित्रे आहेत. आजच्या मुलांना हा घाट २००४ सालच्या 'स्वदेस' या चित्रपटामुळे ओळखीचा वाटेल. वाटू द्या, ओळख कुठून का होईना, झाली म्हणजे झाले.

घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. महादेवाच्या देवळाशेजारी ही घंटा कशी? चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आल्या. भीमाशंकरला अशी घंटा आहे, नाशिकची नारोशंकराची घंटा तर सर्वांना ठाऊक आहे. शिक्षकांनी इथे मुलांना एक वजाबाकी घालावी. नानांचा जन्म १७४२ चा. मग वसई पडली तेव्हा नाना केवढे होते? उत्तर असे की, ते जन्मलेच नव्हते! म्हणजे ही घंटा आधीच्या पिढीने जिंकली आणि पुढे नानांच्या गावी येऊन टांगली गेली. कोणी केली आणि कोणी आणली, ही दोन उत्तरे निराळी असतात, ती अशी.

आता तिसरा प्रश्न. नाना फडणीस, म्हणजे राज्याचा जमाखर्च आणि कागद त्यांच्या हाताखालचे. १८०० साली नाना वारले. त्यांच्या मागे वाड्यात राहिले ते कागदांचे रुमाल. हेच मेणवली दफ्तर. वाळवी, ओल, उंदीर आणि वाण्याची पुडी, या चार वैऱ्यांनी आपल्याकडची किती दफ्तरे खाल्ली त्याला गणती नाही. हे वाचले, कारण साताऱ्याचे इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी ते मिळविले आणि जपले. त्यांचा संग्रह १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला आणि हे दफ्तर आज अभ्यासकांना तिथे पाहावयास मिळते. दगड जागेवर राहिला. कागद गाव सोडून गेला म्हणून टिकला. गावाचा ठेवा गावातच राहावा असे आपल्याला वाटते, आणि ते योग्यच आहे. पण ठेवायचा तर सांभाळायची तयारी हवी. नुसत्या अभिमानाने वाळवी थांबत नाही!

परतीच्या वाटेवर, नदीच्या अंगाने चालताना, हाच विचार मनात घोळवावा. गुरुजींना माझी एक विनंती आहे. मेणवली दूर पडत असेल तर आपल्याच गावाभोवती असा फेरा काढा. बारव असेल, वीरगळ असेल, एखादा पडका वाडा असेल. मुलांना तेच तीन प्रश्न विचारायला लावा. आणि शेतकरी बंधूंनो, माळ्यावर आजोबांचे मोडीतले कागद असतील तर ते रद्दीत घालू नका, चुलीत तर मुळीच नको. कोरड्या फडक्यात बांधून उंच ठेवा आणि मोडी जाणणाऱ्याला दाखवा. त्यात कदाचित शेताचा जुना हिशेब निघेल, कदाचित काहीच निघणार नाही. पण पाहण्यापूर्वी जाळले, तर ते कळायचे कसे?