प्रमादाचे नाव आणि प्रमादाचा न्याय

बावळटपणाने, अजाणता वा धांदरटपणाने घडलेल्या चुकीसाठी इंग्रजीत विपुल शब्द आहेत. कोशकार त्यांना समानार्थी मानून एकत्र बसवतात. वस्तुतः ते समानार्थी नाहीत. ‘ब्लंडर’, ‘बॉच’, ‘फो पा’, ‘मॅलाप्रॉपिझम’ यांपैकी प्रत्येक शब्द चुकीसोबत चूक करणाऱ्याचे सामाजिक स्थानही निश्चित करतो. म्हणूनच या शब्दांचा इतिहास हा पर्यायाने चूक ठरवण्याच्या अधिकाराचा इतिहास आहे.

या शब्दसमूहाचा सर्वांत जुना थर देहाशी निगडित आहे. चौदाव्या शतकातील ‘ब्लंडर’ बहुधा स्कँडिनेव्हियन मूळातून आला. त्या मूळाचा अर्थ डोळे मिटणे, पेंगणे. आंधळेपणाने धडपडणे हा त्याचा आरंभीचा भाव होता. बौद्धिक चुकीचा अर्थ त्याला पुढे चिकटला. ‘क्लम्झी’ हे विशेषण थंडीने बधिर होण्याच्या कल्पनेतून निघाले. गारठलेल्या बोटांतून वस्तू निसटते, त्यात कोणाचा दोष? या थरातील शब्दांत उपहास असला, तरी निंदा नाही. देह सर्वांनाच असतो.

दुसरा थर कारागिरीचा आहे आणि तेथे चित्र पालटते. ‘बॉच’ या क्रियापदाचा मूळ अर्थ केवळ दुरुस्त करणे असा होता. जुने कपडे सांधणारा तो ‘बॉचर’. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये हा शब्द याच अर्थाने येतो. सोळाव्या शतकापासून मात्र काम बिघडवणे हा अर्थ प्रबळ होत गेला. जोडे सांधणारा ‘कॉब्लर’ आणि भांड्यांना डाग देणारा ‘टिंकर’ यांचीही हीच गत झाली. ‘ज्यूलिअस सीझर’च्या पहिल्याच प्रवेशातील विनोद ‘कॉब्लर’च्या चांभार आणि अडाणी कामगार या दोन अर्थांवर उभा आहे. नवी वस्तू घडवणाऱ्यांच्या नावांना हा कलंक सहसा लागला नाही. तो लागला जुने सांधून गरिबांचा संसार चालता ठेवणाऱ्यांच्या नावांना. श्रमाची प्रतवारी येथे शब्दार्थात मुरलेली दिसते.

सतराव्या शतकापासून फ्रेंचमधून आलेल्या शब्दांनी चुकीला दिवाणखान्यात नेले. ‘फो पा’ म्हणजे चुकीचे पाऊल. परंतु हे पाऊल शिष्टाचाराच्या जमिनीवर पडते आणि प्रारंभीच्या वापरात ते विशेषकरून स्त्रीच्या शीलाशी जोडलेले आढळते. ‘गोश’ म्हणजे डावा, म्हणून अडाणी. आता चूक हातून वा पायातून न घडता रीतिभातीच्या अज्ञानातून घडू लागली.

भाषिक प्रमादांना ज्या व्यक्तींची नावे मिळाली, त्यांची तुलना या दृष्टीने उद्बोधक आहे. शेरिडनच्या १७७५ मधील ‘द रायव्हल्स’ या नाटकातील मिसेस मॅलाप्रॉप भारदस्त शब्द योजू पाहते आणि ध्वनिसाम्यामुळे भलताच शब्द वापरते. मुलींनी किती शिकावे याविषयी ती अधिकारवाणीने बोलते, हे लक्षात घेतले म्हणजे तिच्या चुकीवरील हास्य निव्वळ शब्दापुरते नाही हे कळते. याउलट ‘स्पूनरिझम’ हे नाव ज्यांच्यावरून पडले ते विल्यम आर्चिबाल्ड स्पूनर ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजचे १९०३ ते १९२४ या काळात प्रमुख होते. त्यांच्या नावावरील बहुतेक किस्से रचलेले आहेत; लोकांनी ते रचले, यातच जिव्हाळा व्यक्त होतो. विद्वानाची चूक विसराळूपणा ठरते. विद्येची आकांक्षा धरणाऱ्या स्त्रीची चूक आगाऊपणा ठरते.

यावर असा आक्षेप संभवतो, की एक काल्पनिक पात्र आणि एक हयात होऊन गेलेला प्राध्यापक यांची तुलना अप्रस्तुत आहे. शिवाय एक चूक शब्दनिवडीची, तर दुसरी ध्वनींच्या अदलाबदलीची. हा भेद खरा आहे. परंतु वसाहतीत हीच प्रतवारी पुन्हा भेटते. एफ. अँस्टी यांच्या १८९७ मधील ‘बाबू जबरजी, बी.ए.’ या पुस्तकाचा विनोद इंग्रजी शिकलेल्या भारतीयाच्या अतिअलंकृत भाषेवर बेतलेला आहे. उलट, युल आणि बर्नेल यांच्या १८८६ मधील कोशाचे ‘हॉब्सन-जॉब्सन’ हे नाव मोहरममधील ‘या हसन, या हुसेन’ या घोषाच्या इंग्रजी अपभ्रंशातून आले. परभाषेचे शब्द दोघांकडूनही बिघडले; एकाचे बिघडणे प्रहसनाचा विषय झाले, दुसऱ्याचे कोशाच्या मुखपृष्ठावर विराजमान झाले.

विसाव्या शतकात या निवाड्याला दोन बाजूंनी हादरा बसला. फ्रॉइड यांनी १९०१ मध्ये दैनंदिन प्रमादांना अर्थ असतो असे प्रतिपादन करून चूक पुन्हा सर्वांची केली. डोनाल्ड डेव्हिडसन यांनी १९८६ मधील निबंधात मिसेस मॅलाप्रॉपलाच साक्षीला बोलावले: शब्द चुकूनही ऐकणाऱ्याला आशय कळतो, तर भाषा म्हणजे आधीच ठरलेल्या नियमांचा संच असे कसे मानावे?

साहित्यसमीक्षेने हा प्रश्न पुढे न्यायला हवा. मिसेस मॅलाप्रॉपला प्रेक्षक हसतो, कारण तिला काय म्हणायचे आहे ते त्याला अचूक समजलेले असते. संवाद तर केव्हाच पार पडलेला असतो. त्यानंतर जे उरते, ते भाषेचे अपयश नव्हे. तो श्रोत्याने वक्त्याला दाखवलेला त्याचा दर्जा असतो. प्रमादाच्या नावांचा कोश चाळताना अभ्यासकाने चुकणाऱ्याइतकेच या हसणाऱ्याकडेही पाहिले पाहिजे.