दोष हाताचा नव्हता

२०१० साली ॲपलच्या आयफोन ४ च्या सिग्नलवरून झालेल्या ‘अँटेनागेट’ वादाचा विषय निघाला की जाणकार मंडळी हमखास म्हणतात, तो उगाच उठवलेला गदारोळ होता, हातात धरला की कुठल्याही फोनचा सिग्नल घटतोच. त्या वर्षी १६ जुलैच्या पत्रकार परिषदेत ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांची भूमिका हीच होती.

यातला एक भाग खरा आहे. हात रेडिओलहरी शोषतो, अडवतो. पण आयफोन ४ ची गोष्ट तिथे संपत नाही. त्याच्या कडेची स्टीलची पट्टीच अँटेना होती. डाव्या कडेला, खालच्या बाजूस, त्या पट्टीत एक बारीक काळी फट. फटीच्या एका अंगाला मोबाइल नेटवर्कची अँटेना, दुसऱ्या अंगाला वाय-फाय आणि जीपीएसची. उजव्या हाताने काही लिहून घ्यायचं म्हणून फोन डाव्या हातात धरला, की तळव्याचा फुगीर भाग नेमका तिथे टेकायचा. कातडीने दोन्ही तुकडे जोडले जायचे आणि अँटेनाची जुळणीच बिघडायची.

‘सगळेच फोन असे’ हे म्हणणं मोजमापापुढे टिकत नाही. आनंदटेक या तंत्रज्ञान संकेतस्थळाच्या चाचणीत फोन सहज हातात धरल्यावर आयफोन ४ चा सिग्नल जवळपास २० डेसिबलने पडला, म्हणजे ताकद शंभरावरून आली ती थेट एकावर! तशाच पकडीत आधीच्या आयफोन थ्रीजीएसची घट होती २ डेसिबलच्या आत.

तक्रारी फक्त ०.५५ टक्के ग्राहकांच्या, हा कंपनीचा लाडका आकडा. पण कॉल तुटला की माणूस नेटवर्कला बोल लावतो, फोनच्या पट्टीला नाही. त्यात सिग्नलच्या कांड्या दाखवायचं सूत्र चुकलेलं असून कधी कधी दोन कांड्या जास्त दिसतात, हे कंपनीनेच २ जुलैला कबूल केलं होतं. ज्याच्या हाती चुकीचं माप दिलं, त्याने तक्रार केली नाही हा पुरावा कसा धरायचा?

आणि कंझ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकांसाठीच्या मासिकाचा प्रयोग तर सगळ्यात बोलका. त्यांनी त्या फटीवर जाड चिकटपट्टी लावली. हात तोच, पकड तीच, शोषणही तेवढंच. तरी अडचण दूर झाली. पुढच्या वर्षी आलेल्या आयफोन फोर-एसमध्ये दोन अँटेनांपैकी जिला सिग्नल चांगला मिळेल तिच्याकडे आपोआप वळण्याची सोय खुद्द ॲपलनेच केली.