जांगड माल ते बंद खोके : ग्राहकरक्षणाचा एक इतिहास

जयपूर शहराची स्थापना १८ नोव्हेंबर १७२७ रोजी झाली. सवाई जयसिंह यांनी विद्याधर भट्टाचार्य यांच्या साहाय्याने नगराची आखणी केली, रुंद राजमार्गांच्या दुतर्फा एकसारख्या दुकानांच्या रांगा उभारल्या आणि ठिकठिकाणचे व्यापारी बोलावून वसविले. जयसिंहांच्या पदरचे पंडित जगन्नाथ सम्राट आणि रत्नाकर पुंडरीक हे महाराष्ट्रीय होते. त्यामुळे नोकरीनिमित्त येथे आलेल्या मराठी माणसास हे शहर अगदीच परके वाटू नये. आजचा विषय मात्र येथील वेधशाळा वा राजवाडे हा नसून बाजार हा आहे.

जोहरी बाजारात आणि गोपालजी का रास्ता, हल्दियों का रास्ता या गल्ल्यांत रत्नांचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. या व्यापारातील एक शब्द मराठीसही चांगलाच परिचित आहे, तो म्हणजे जांगड. माल पसंतीसाठी न्यावा, निवांत पारखावा, पसंत पडल्यास दाम द्यावे, नाही तर जसाच्या तसा परत करावा, अशी ही रीत. १९३० च्या मालविक्री अधिनियमाच्या कलम २४ मध्ये पसंतीवर वा परतीच्या बोलीवर दिलेल्या मालाची तरतूद आहे. खरेदीदार पसंती कळवीत नाही, किंवा ती दर्शविणारे काही कृत्य करीत नाही, अथवा मुदत उलटेपर्यंत माल ठेवून घेत नाही, तोवर मालकी विक्रेत्याकडेच राहते. संकेतस्थळांवर आज दिसणारी ‘सात दिवसांत परत’ ही सोय पाहताना या जुन्या रीतीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

परंतु जांगडीच्या मुळाशी ओळख होती. देणारा घेणाऱ्यास ओळखत असे, घेणाऱ्यास देणाऱ्याची पेढी ठाऊक असे आणि ती पेढी दुसऱ्या दिवशीही त्याच गल्लीत सापडत असे. विक्रेत्याचा पत्ता हाच त्याचा जामीन होता. हा जामीन गळून पडला की काय होते, हे अलीकडे येथील एका मराठी कुटुंबाने अनुभविले. मुलीच्या अभियांत्रिकी शिक्षणासाठी त्यांनी एका ऑनलाईन बाजारपेठेवरून सुमारे सत्तर हजार रुपयांचा लॅपटॉप मागविला. खोके आले, सांकेतिक क्रमांक सांगून ते ताब्यात घेतले. आत जुना, दुरुस्त केलेला संच निघाला. त्यावरील अनुक्रमांक बिलाशी जुळत नव्हता. बाजारपेठ म्हणाली, आम्ही केवळ मध्यस्थ. विक्रेता दुसऱ्या राज्यातील, त्याचा दूरध्वनी बंद. आणि उत्पादकाने कळविले की हा अनुक्रमांक आमच्या हमीत बसत नाही. वर्षभराची बचत तीन उत्तरांच्या मध्ये अडकली.

ही लबाडी नवी आहे काय? मुळीच नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील ‘कंटकशोधन’ या चौथ्या अधिकरणात व्यापाऱ्यांपासून प्रजेचे रक्षण कसे करावे याचा एक स्वतंत्र अध्याय आहे. हलक्या मालास भारी म्हणणे, एका ठिकाणचा माल दुसऱ्या ठिकाणचा म्हणून खपविणे आणि दाखविलेली पेटी बदलून दुसरी देणे हे अपराध तेथे एकत्र मोजले आहेत. माल अल्प किमतीचा असला तरी चोपन्न पण दंड सांगितला आहे. जुनी वस्तू विकावयाची तर ती स्वतःची असल्याचे सिद्ध झाले पाहिजे आणि त्यावर बाजाराच्या अधिकाऱ्याची देखरेख हवी, हेही त्यात आहे. मोबाईलच्या खोक्यात साबणाची वडी निघाल्याच्या बातम्या वाचताना हा पेटीबदल आठवतो.

इंग्रजी अमदानीत दृष्टी बदलली. ‘खरेदीदाराने सावध असावे’ हे तत्त्व १९३० च्या अधिनियमाने काही अपवादांसह स्वीकारले. दोन बरोबरीच्या व्यापाऱ्यांमध्ये ते चालूनही गेले असते. सामान्य गृहस्थाने बलाढ्य कंपनीविरुद्ध दिवाणी दावा लावणे हे मात्र कागदावरच राहिले. ही विषमता ओळखून १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, पुढल्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. जयपुरातही १९७२ साली रत्नपरीक्षण प्रयोगशाळा सुरू झाली. ज्या बाजारात पारख्याची नजर हाच पुरावा होता तेथेही तटस्थ तपासणीची गरज भासली, ही गोष्ट बोलकी आहे. १९८३ साली याच शहरात ‘कट्स’ ही ग्राहकसंस्था स्थापन झाली आणि तिने ‘ग्राम गदर’ हे भित्तिपत्र काढून खेड्यांपर्यंत हा विषय नेला. अखेर २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण अधिनियमास राष्ट्रपतींची संमती मिळाली.

त्या अधिनियमासमोर दुकान होते, संकेतस्थळ नव्हते. २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम ७९ ने मध्यस्थास अटींसह संरक्षण दिले. पुढे २०१६ च्या परकीय गुंतवणूकविषयक टिपणीने बाजारपेठ-पद्धतीत मालाच्या हमीची जबाबदारी विक्रेत्यावर टाकली. धोरण म्हणून त्यात तर्क होता. ग्राहकाच्या वाट्याला मात्र पत्ता नसलेला प्रतिवादी आला. ही त्रुटी २०१९ चा नवा अधिनियम आणि २३ जुलै २०२० रोजी अधिसूचित झालेले ई-वाणिज्य नियम यांनी बरीच भरून काढली. बाजारपेठेने विक्रेत्याचे नाव व पत्ता दाखविणे बंधनकारक झाले. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावयाची व महिन्याभरात निवारण करावयाचे. मुख्य म्हणजे, तक्रारदार जेथे राहतो वा नोकरी करतो तेथील जिल्हा आयोगाकडे त्यास जाता येते. जुन्या अधिनियमात ही सोय नव्हती. जयपूर, इंदूर वा बंगळुरू येथे बदलीवर असलेल्या मराठी माणसासाठी हा बदल लहान नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे.

तरीही प्रशासनात काम करणाऱ्यास एक गोष्ट पक्की ठाऊक असते : हक्क कायदा देतो, पण निकाल पुरावा देतो. १९३० च्याच अधिनियमाचे कलम ४१ सांगते की, आधी न पाहिलेला माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत खरेदीदाराने तो स्वीकारला असे समजले जात नाही. म्हणजे सांकेतिक क्रमांक सांगितल्याने खोके मिळाल्याचे दिसते, आत काय होते हे नव्हे. आत काय होते हे दाखविण्याची तजवीज आपणच करावयाची. खोके फोडण्यापूर्वीपासून चित्रीकरण करावे. शक्य तेथे माल आणणाऱ्यासमोरच ते उघडावे. बिलावरील विक्रेत्याचे नाव, वस्तू-सेवा कर क्रमांक व अनुक्रमांक ताडून पाहावेत. मोबाईल असल्यास *#०६# दाबून येणारा पंधरा अंकी क्रमांक ‘संचार साथी’वर तपासावा. उत्पादकाची हमी त्या विक्रेत्याच्या मालास लागू आहे काय, हे खरेदीपूर्वीच विचारावे. बाजारपेठेबाहेर परस्पर पैसे पाठविण्याची सूचना आली की व्यवहार तेथेच थांबवावा. फसगत झालीच तर प्रथम लेखी तक्रार, मग १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाईन आणि त्यानंतर आयोग, हा क्रम ठेवावा.

वर उल्लेखिलेल्या कुटुंबाकडे चित्रफीत नव्हती. परंतु बिल होते, त्यावर अनुक्रमांक होता आणि तो संचाशी जुळत नव्हता. तेवढ्या आधारावर त्यांनी जयपूरच्याच आयोगाकडे तक्रार नोंदविली आहे. निकाल काय लागेल हे आज सांगता येणार नाही. तक्रारीत विक्रेत्याबरोबर बाजारपेठेलाही प्रतिवादी केले आहे, हे मात्र मला योग्य वाटते. ज्याच्या मांडवाखाली बाजार भरतो त्याने मांडवातल्या पेटीबदलाबद्दल हात झटकू नयेत, ही अपेक्षा कौटिल्याच्या बाजार-अधिकाऱ्याकडून होती. ती आजच्या बाजारपेठेकडून ठेवणे फार झाले असे कोण म्हणेल?